रागाच्या हाताची आखणी

१

हमरापुरात घरटी एक गणपतीचा कारखाना आहे, असं म्हटलं तरी फारसं खोटं नाही. ओटीवर, पडवीत, ताडपत्रीच्या मांडवाखाली, जागा मिळेल तिथं मूर्ती वाळत असतात. काळूरामच्या कारखान्यातून फाल्गुनात परदेशी जाणारा माल निघे आणि त्या मालाचे डोळे त्याची थोरली लेक कल्पिता काढी. मूर्ती घडवणारे पुष्कळ, रंगवणारे त्याहून पुष्कळ. डोळ्यांची आखणी मात्र ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. कल्पिता दिवसाला चाळीस जोड्या डोळे काढायची, आणि एक रेघ पुसावी लागत नसे.

हे काम तिला बापानंच शिकवलं, तेही आपल्या पद्धतीनं. ती चौदाची असताना त्यानं सांगितलं होतं, घरातल्या एका माणसाचे डोळे निवड आणि वर्षभर तेच काढ. तिनं धाकट्या बहिणीचे निवडले. आई नसलेली सहा वर्षांची प्राप्ती लिमलेटच्या गोळ्यांच्या लालचीनं रोज ताईसमोर पाटावर बसून राही. वर्षभरात ते डोळे कल्पिताच्या हातात असे बसले, की मग कधी निघालेच नाहीत. प्राप्तीच्या डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला जरासा उतार आहे. तोच उतार कल्पिताच्या हातच्या प्रत्येक मूर्तीला येई. गिऱ्हाइकाला वाटे, देव मायेनं बघतोय. प्राप्तीला खरं ठाऊक होतं. आता तेवीस वर्षांची झाली, त्याच कारखान्यात पीतांबर रंगवायला बसते, पण अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की अमेरिकेत लोक माझ्या डोळ्यांना नमस्कार करतात.

एकूण काय, कल्पिताच्या हातात साऱ्या जगात एकाच माणसाचे डोळे होते, आणि ते माणूस तिच्या जिवापलीकडचं होतं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, ते गेल्या हिवाळ्यापर्यंत. काशीदच्या किनाऱ्यावर भिंती रंगवायचा एक उत्सव निघाला. तो भरवणारा विपुल पांढऱ्या गाडीतून हमरापुरात आला, मूर्तींचे डोळे बघून वा वा करून गेला आणि कल्पिताला घेऊन गेला. रिसॉर्टच्या भिंतीवर पंचवीस फुटी कोळीण उभी करायची होती. अकरा दिवस कल्पिता परांचीवर, उन्हात. विपुल यायचा तो फोटो काढण्यापुरता. उद्घाटनाला बघते तर कोळणीच्या पायाशी चार बोटं उंचीच्या अक्षरात त्याचं नाव. तिनं विचारलं, तर तो हसला. म्हणाला, "अगं, तू डोळे भरलेस. चित्र माझंच ना?"

भरलेस म्हणे, जणू ती हंडा भरायला गेली होती. त्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि न दिलेलं उत्तर पोटात राहिलं की नासतं. तेव्हापासून ती जेवताना चिडलेली, झोपताना चिडलेली. हळूहळू ते हातात उतरलं. पालीच्या एका गिऱ्हाइकानं मूर्ती परत आणून दिली. घरातली पोरं घाबरतात, देव डोळे वटारतो म्हणाला.

काळूरामनं मूर्ती उजेडात धरून पाहिली. मग लेकीच्या हातातला बारीक ब्रश काढून घेतला.

"रागाच्या हातान डोले उघरायचे न्हाय, पोरी," तो म्हणाला. "साच्यातशी सगली तोंडा सारखीच निंगतान. मानूस डोल्यान येतं. रागान कोनाला आनशील, तुलाच कलायचं न्हाय."

त्यानं तिला उंदीर रंगवायला बसवलं. एकतीस वर्षांची, तालुक्यात नाव असलेली आखणीवाली, आणि तिच्यापुढं उंदरांची रांग. संतापानं तिची कानशिलं तापली, पण बापापुढं बोलायची सोय नव्हती.

२

कल्पितानं प्रदर्शनाचा दरवाजा जन्मात पाहिला नव्हता. तिला चित्रकार सापडले ते फोनवर. उड्डाणपुलांखाली रात्रपाळीच्या बायका रंगवणारी एक बाई होती. एक म्हातारा फक्त पडक्या घरांची दारं रंगवायचा. कोणी कचराकुंडीवर मासे काढत होतं. दुपारी जेवून ती हे बघायची, आवडलेलं पेन्सिलीनं वहीत उतरवायची आणि वहीवर हात फिरवत म्हणायची, असं आपण कधीतरी करू. कोळीण ही तिची पहिली भिंत. विपुलनं ती गिळली, त्या दिवसापासून वही फडताळात पडून होती.

होळी झाली आणि एका दुपारी प्राप्तीनं तिच्या नाकासमोर फोन धरला. तिची मैत्रीण अमिषा काशीदला फिरायला गेली होती, तिनं टाकलेला फोटो. नांदगावच्या वाटेवर एक बंद बर्फाची फॅक्टरी आहे. दोन हजार वीसच्या वादळात तिचं छप्पर उडालं ते कोणी परत घातलं नाही. तिच्या समुद्राकडच्या भिंतीवर एक चेहरा होता. प्राप्ती म्हणाली, बघ ताई, तुझ्या जातीचं कोणीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी उंदरांना रजा देऊन कल्पिता स्कूटरवरून गेली. दोन तासांचा रस्ता. भिंतीसमोर उभी राहिली आणि तिला हेल्मेट काढायचंही सुचलं नाही. दोन पुरुष उंचीचा चेहरा, चुना, लाल माती आणि काजळी एवढ्यावर केलेला. बाईचा म्हणावा तर बाईचा, पुरुषाचा म्हणावा तर पुरुषाचा. गालावरचा उजेड असा ठेवला होता की तोंडावर आत्ताच कोणी कंदील धरला आहे. किती महिन्यांनी तिचा राग जागेवर नव्हता. तिला आनंद झाला, साधा, लहानपणी जत्रेत व्हायचा तसा. कुठंही सही नव्हती, आणि त्याचा तिला आणखीच आनंद झाला.

डोळे तेवढे काढलेले नव्हते. मुद्दाम कोरे ठेवले असतील, आजकालचे लोक ठेवतात असं काहीतरी, असं मनाशी म्हणत ती जवळ गेली. वर, तिच्या डोक्याच्याही हातभर वर, डोळ्यांच्या जागी पेन्सिलीचे दोन ठिपके होते आणि त्यातून आडवी गेलेली पुसट रेघ. भुवईखाली बरोबर दोन बोटं. ही खूण काळूरामची. आखणी करण्याआधी तो मूर्तीवर अशीच खूण करून द्यायचा, आणि हमरापुरात तरी दुसरं कोणी असं करत नसे.

असेल योगायोग. डोळे भुवईखालीच असतात, दुसरीकडं कुठं असणार. तिनं गालावर बोट टेकवलं. बोटाला ओली लाल माती लागली. भिंतीवर दुपारपासून ऊन होतं, आणि अमिषाचा फोटो चार दिवसांपूर्वीचा होता.

समोर सदाची चहाची टपरी होती. तिनं त्याला विचारलं. तो म्हणाला, परांची नाय, शिडी नाय, माणूस नाय. आदल्या दिवशी नव्हतं, दुसऱ्या दिवशी होतं. नांदगावात महेरुन्निसाचाचीच्या भिंतीवर पण असंच एक हाय. पण इथलं बघायचं तर बघून घ्या, तो पुढं म्हणाला, सोमवारी सकाळी विपुलशेठची माणसं चुना मारायला येणार हायत. यंदाच्या उत्सवाला हीच भिंत घेतली त्यांनी.

राग पुन्हा जागेवर आला. चहा तिनं तसाच ठेवला.

३

नांदगावातलं ते घर आखाती देशात गेलेल्या लोकांचं, बारा महिने कुलपात. मागच्या खोलीत महेरुन्निसा राहायची, घर सांभाळायची. सत्तरीची असेल. अंगणात तांदूळ निवडत बसली होती, तोंड कंपाउंडच्या भिंतीकडं. भिंतीवर तिचाच चेहरा होता. सुरकुत्या नव्हत्या, नाकाचा आकारही वेगळाच, तरी ती महेरुन्निसाच होती, कारण डोळे तिचे होते. काजळानं काढलेले, बेताचेच, पण तिचे.

कल्पितानं चौकशी केली. म्हातारी म्हणाली, आंधळं तोंड दारासमोर बघून जीव घाबरायचा, म्हणून एक दिवस स्टुलावर चढले आणि हातात आरसा धरून आपलेच काढले. बोलताना ती तांदळाकडं बघत नव्हती. कल्पिताकडंही नव्हती. नजर कुठंतरी अधांतरी होती, आणि बोटं मात्र एकेक खडा बिनचूक उचलून बाजूला टाकत होती. मोतीबिंदू असावा, कल्पितानं मनाशी म्हटलं. ती म्हातारीसमोर पायरीवर बसली. चेहऱ्याची भिंत कल्पिताच्या पाठीमागं आली.

"बाय, तुझ्या ओढणीला मागं निळा रंग लागलाय," महेरुन्निसा म्हणाली.

कल्पितानं ओढणी पुढं ओढली. उंदराच्या पाटाचा निळा डाग होता, मधोमध.

"आणि मानेवर दोन केस पांढरे झालेत. या उमरीत?"

कल्पिताचा हात मानेवर गेला. म्हातारीच्या मागं काच असेल, आरसा असेल, म्हणून तिनं बघितलं. मागं शेणानं सारवलेली कोरी भिंत होती.

"घाबरू नको," महेरुन्निसा शांतपणे म्हणाली. "दिसतं मला सगळं. पण इथून नाय दिसत. तिथून दिसतं." तिनं हनुवटीनं कल्पिताच्या पाठीमागं दाखवलं. "झोपायचं तर रोज भिंतीवर चादर टाकावी लागते. सकाळी कोणी काढली नाय, तर मला अंधार."

पुसून का टाकत नाही, असं कल्पितानं विचारलं. म्हातारीची बोटं थांबली. तिचा भाचा वासिफ एकदा चुन्याचा कुंचला घेऊन आलाच होता, ती सांगू लागली. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक हात फिरला असेल नसेल, तोच ती ओरडली. तेवढा कोपरा गेला तो गेला. चुना खरवडून काढला, पाण्यानं धुतला, तरी तिथलं परत काही दिसलं नाही. अंगणातली विहीर त्या बाजूला होती. ती कशी दिसते हे आता ती लोकांना विचारते.

कल्पिता उठली. भिंतीवरचे डोळे हलले नाहीत, भिंतीवरचे डोळे हलत नसतात. फाटकापर्यंत तिनं पावलं मोजून टाकली. फाटकाशी पोचल्यावर मागून आवाज आला, "चप्पल उलटी घातलीस, बाय." तिनं खाली बघितलं. घातली होती.

४

घरी आल्यावर तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. म्हातारं माणूस, एकटं राहतं, बोलायला कोणी आलं की गंमत करतं. ओढणीचा डाग आत येताना दिसला असेल. चपलेचा आवाज वेगळा येतो. या सगळ्यावर विश्वास ठेवता आला असता. पण विश्वास ठेवावा असं तिला वाटेना, कारण दुसरी गोष्ट जास्त कामाची होती.

ती अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब जुळवत होती. भिंतीवर ज्याचे डोळे काढू, त्याला भिंतीवरून दिसणार. चुना मारला की त्याचं दिसणं संपणार. सोमवारी सकाळी चुना मारायला विपुलचीच माणसं येणार. तिनं फक्त त्याआधी जायचं आणि विपुलचे डोळे भरून यायचं. तू डोळे भरलेस, असं तोच म्हणाला होता ना. पुढचं काम त्याचा स्वतःचा चुना करणार होता. तिला हसू आलं, आणि ते हसू कारखान्यातल्या कोणी पाहिलं असतं तर त्या रात्री तिच्या शेजारी झोपलं नसतं.

हे पाप आहे का, हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. आला आणि पंचवीस फुटी कोळणीच्या पायाशी असलेली चार बोटं उंच अक्षरं आठवून निघून गेला. शिवाय यात खरं काय असणार, ती स्वतःला म्हणाली. रंगवून येऊ. काही झालं नाही तर जीव तरी थंड होईल. भिंतीवर आपल्या हातचे डोळे राहतील, तासभर का होईना.

सोमवारी ती उजाडताच उठली. बापाच्या डब्यातून बारीक ब्रश काढला, काजळी आणि पांढरा रंग घेतला. काळूराम मोरीवर तोंड धूत होता. त्याला तिनं पेणला जाते म्हणून सांगितलं. प्राप्ती पीतांबराचा पिवळा घोटत बसली होती. मीपण येते, तिनं हट्ट धरला, माझ्यामुळंच सापडली तुला ती भिंत. कल्पितानं तिला नेलं नाही. उन्हात काळी होशील म्हणाली. प्राप्तीनं स्वतःची पाण्याची बाटली तिच्या पिशवीत कोंबली आणि डावा डोळा बारीक करून विचारलं, चिडलीयस का. कल्पिता म्हणाली, नाही.

५

साडेआठला ती फॅक्टरीपाशी पोचली. सदाची टपरी अजून उघडली नव्हती. समुद्र ओसरला होता. भिंतीवरचा चेहरा अजून ओलाच होता.

ठिपके खाली आले होते.

परवा ते तिच्या डोक्याच्या हातभर वर होते. त्यासाठीच तिनं स्कूटरला घडीचं स्टूल बांधून आणलं होतं. आता ते बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होते, तिच्या उंचीला, आणि एकमेकांपासून तिच्याच डोळ्यांइतक्या अंतरावर. भरतीनं वाळू चढली असेल, ती म्हणाली. पायाखाली वाळू नव्हती, फॅक्टरीचा कोबा होता. परवा नीट बघितलं नसेल. स्टूल तसंच बांधलेलं राहिलं.

तिनं फोनवर विपुलचा फोटो उघडला आणि पिशवीला टेकवून ठेवला. पेपरातलाच होता तो, कोळणीसमोर हात पसरून उभा असलेला. विपुलचे डोळे बारके, पापणी जड, बुबुळ वर चढलेलं. अवघड काहीच नव्हतं. तिनं काजळीत ब्रश बुडवला आणि वरच्या पापणीची रेघ ओढली.

सुरुवातीला ती फोटोकडं बघत होती. मग मनात तो बोलायला लागला. अगं, तू डोळे भरलेस. पालीचं गिऱ्हाईक आठवलं, उंदरांची रांग आठवली, हातातून ब्रश काढून घेणारा बाप आठवला. हात भराभर चालू लागला. असा हात तिचा कित्येक महिन्यांत चालला नव्हता. रेघ अडत नव्हती, थरथरत नव्हती, फोटोकडं बघायची गरजच लागत नव्हती. घे, ती पुटपुटत होती, घे, बघ आता. बुबुळं भरली. खालची पापणी ओढली. शेवटी ब्रश धुऊन दोन्ही बुबुळांत पांढरा ठिपका ठेवला. त्या ठिपक्यानं डोळा उघडतो, हे हमरापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

कपाळावरचा घाम पुसायला ती एक पाऊल मागं झाली.

पिशवीला टेकवलेला फोन वाजला. विपुलचा फोटो जाऊन तिथं प्राप्तीचं नाव आलं.

"ताई," प्राप्ती म्हणाली. तिचा आवाज हळू होता, अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखा. "ताई, मी कारखान्यात बसलेय. चाचपून लावला फोन. हातात ब्रश आहे माझ्या, मला कळतंय. पण दिसतेस तूच. तुझ्या मागं समुद्र आहे. मला काय झालं, ताई?"

कल्पितानं भिंतीकडं बघितलं. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला जरासा उतार होता.

"आणि तू एवढ्या रागानं का बघतेस माझ्याकडं?" प्राप्ती म्हणाली.

कल्पिताच्या हातात फडकं होतं. ते भिंतीपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. विहीर कशी दिसते हे लोकांना विचारणारी म्हातारी तिला आठवली. काजळी अजून ओली होती. फुंकर घालायलाही ती भ्याली.

फोनमधून मागं काळूरामचा आवाज येत होता, काय झाला गो, अशी का बघतंस.

"ताई, तुझ्या मागं टेम्पो आला," ती म्हणाली. "माणसं उतरतायत. बादल्या आहेत त्यांच्याकडं. लांब दांड्याचे कुंचले आहेत. पांढरी गाडीपण आली."

कल्पिता वळली. टेम्पो होता, बादल्या होत्या, बादल्यांत भिजवलेला चुना होता. पांढऱ्या गाडीतून विपुल उतरला. त्यानं गॉगल कपाळावर सरकवला आणि तिच्याकडं सरळ, स्वच्छ बघितलं. त्याचे डोळे ठणठणीत होते.

बोलावं, सांगावं, पाय धरावे, यातलं काय आधी करावं ते तिला कळेना. महिनेमहिने जे उत्तर त्याला द्यायचं म्हणून घोकलं होतं, त्यातला एक शब्द कामाचा नव्हता. पहिला माणूस कुंचला बादलीत बुडवून भिंतीकडं निघाला. तेव्हा कल्पितानं पाठ भिंतीला लावली, हात दोन्ही बाजूंना पसरले आणि डोकं घट्ट मागं दाबलं, बरोबर त्या दोन डोळ्यांवर. केसांना ओली काजळी लागली.

"अरे, कल्पिता?" विपुल हसत पुढं आला. "इथं काय करतेस? बाजूला हो जरा, माणसांना काम करू दे."

तिच्या मुठीतल्या फोनमधून प्राप्तीचा आवाज आला. आता ती रडत होती.

"ताई, अंधार झाला. बाजूला हो ना, मला काहीच दिसत नाही."